तंबाखूची ओल

सोलापुरात काहीही ओलं राहत नाही. धुतलेली चादर दोरीवर टाकून दुसरी पिळेपर्यंत पहिली वाळलेली असते. मार्च लागला की ओठ फुटतात, टाचा फुटतात, दाराच्या फळ्या आक्रसतात आणि मधल्या फटींतून शेजाऱ्यांचं भांडण आणखी स्पष्ट ऐकू येतं. अशा गावात माझ्या वडिलांची पाईपची तंबाखू बावीस वर्षं एकदाही कोरडी पडली नाही. हे ते स्वतःच लोकांना सांगत, आणि सांगताना डब्याच्या झाकणावर टिचकी मारत. डबा विलायती आहे, झाकण घट्ट बसतं, म्हणून आतला माल ताजा राहतो, असं त्यांचं म्हणणं. हे खोटं होतं. मी ते लहानपणापासून ऐकत आले आणि मान हलवत आले, म्हणून आज आधी तेवढंच सांगून टाकते. डब्यात विशेष असं काही नव्हतं. तंबाखू माझी अम्मा ओली ठेवायची.

परवा सकाळी अंबिकाचा फोन आला. अंबिका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो आणि शहाऐंशी वर्षांच्या नायनांना दिवसभर तीच सांभाळते. आम्ही वडिलांना नायना म्हणतो. ती सांगत होती की त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना डबा काढायला लावलाय, आत तंबाखूचा पार भुगा झालाय, आणि ती पहिल्यासारखी करून द्या म्हणून दोन दिवस हट्ट धरून बसलेत, जेवतसुद्धा नाहीत धड. वाटीभर पाणी घालून ठेवू का, असं तिनं विचारलं. पाणी घालू नको, असं मी इतक्या जोरात म्हणाले की माझा नातू टीव्हीवरून मान वळवून बघायला लागला. मग माझी मलाच चीड आली. तीस वर्षं ज्या डब्याचा मी विचार केला नव्हता, त्याची काळजी अशी उसळून यायचं काही कारण नव्हतं.

तरी निघाले. जुळे सोलापूरहून रिक्षा केली आणि सात रस्त्यावरून पूर्वभागाकडे, विणकरांच्या वस्तीतल्या माहेरी गेले. सात रस्त्याच्या एका कोपऱ्यावर पूर्वी एक दुकान होतं. तिथं साहेब लोकांसाठी सिगार, दाढीचे साबण आणि पाईपची तंबाखू मिळायची. नायना महिन्यातून एकदा सायकलवरून तिथं जात आणि मी पुढच्या दांडीवर बसलेली असे. दुकानात शिरलं की गूळ, मनुका आणि नवीन चामड्याची चप्पल एकत्र ठेवल्यावर येईल तसा वास यायचा. दुकानदार नायनांना ‘या मास्तर’ म्हणायचा आणि त्या दोन शब्दांसाठी नायना इस्त्रीचा सदरा घालून जायचे. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी उगाचच नाक वर करून हुंगलं. डिझेलचा वास होता, आणि कुठंतरी कांदाभजी तळत होते.

पूर्वभागात शिरलं की अजून मागाचा आवाज येतो, पण तुटक येतो. माझ्या लहानपणी तो सलग असायचा. खटक-खटक, खटक-खटक, पहाटेपासून. त्याच आवाजात आम्ही जेवलो, पाढे पाठ केले, भांडलो. लाईट गेली की आवाज एकदम थांबायचा आणि गल्लीतल्या पाळण्यांमधली पोरं दचकून रडायला लागायची. हवेत सुताचे बारीक तंतू उडत असत, रंगाच्या हौदाचा आंबूस वास असे, आणि दुपारच्या वेळी दाराआड बसलेल्या बायकांच्या हातून उठणारी तंबाखूची धूळ असे. आमच्या गल्लीत पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, अशी वाटणी होती. अम्मा रोज सकाळी विडी कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या नेऊन द्यायची. लग्नाआधीपासून ती हे करत होती.

नायना मात्र मागावर बसत नसत. ते डिझाईन मास्तर होते. चादरीवरचे मोर, हत्ती, कोयऱ्या आधी त्यांच्या चौकटीच्या कागदावर उतरायच्या. खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, टेबलावर रंगीत पेन्सिली, आणि एका चादर कारखानदारानं परदेशातून येताना त्यांच्यासाठी आणलेला पाईप. तो पाईप घरात आला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन तंबाखू झाल्या. एक विडीची, काळपट, तिखट, शिंका आणणारी. ती पोत्यात असायची, जमिनीवर. दुसरी पाईपची, तपकिरी, लांब दोऱ्यांची, गोड वासाची. ती डब्यात असायची, टेबलावर. पहिलीला हात लावला की हात धुवावे लागायचे. दुसरीला हात लावायची आम्हाला परवानगीच नव्हती.

आणि दोन्ही कोरड्या पडायच्या, कारण सोलापूरची हवा विलायती म्हणून कुणाला सोडत नाही. कोरडी तंबाखू विडीत ठरत नाही, पानातून गळून जाते. पाईपमध्ये ती भसकन जळते आणि जीभ पोळते. पहिल्याच उन्हाळ्यात नायनांनी जीभ पोळवून घेतली आणि डबा अम्माच्या सुपाशेजारी आदळला. बघ तुझ्याच धंद्यातलं आहे, काय करायचं ते कर, असं म्हणाले. अम्मानं डबा उघडून वास घेतला. मला आठवतं, ती हसली होती. इतका गोड वास तिच्या तंबाखूला कधी आला नव्हता.

ती काय करायची ते मी शेकडो वेळा बघितलं आहे. पितळी परातीत तंबाखू पातळ पसरायची. परातीवर मागाच्या दोन काठ्या आडव्या ठेवायच्या. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पाण्यात बुडवायचा आणि थेंब गळायचा थांबेपर्यंत पिळायचा, मग तो काठ्यांवर ताणून टाकायचा. फडकं तंबाखूला टेकता कामा नये. पाण्याचा थेंब आत पडता कामा नये. उन्हाळ्यात तासाभरात फडकं कडक व्हायचं, की पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा. मध्ये एकदा बोटांच्या शेंड्यांनी खालची तंबाखू वर करायची. शेवटी चिमूट घेऊन दाबायची आणि सोडायची. कुरकुरली तर कच्ची, गोळा झाली तर बिघडली, आणि हळूहळू आपोआप उलगडली तर झाली. मी घाई केली की ती मला तेलुगूत म्हणायची, ‘ऊपिरि पीलचनी.’ तिला श्वास घेऊ दे. तंबाखूनं पाणी प्यायचं नसतं, हवेतली ओल ओढून घ्यायची असते.

हे सगळं ती हजार विड्यांच्या मध्ये करायची. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, टोक दुमडणं, दोरा बांधणं, आणि त्यातच उठून परातीचं फडकं बदलणं. स्वतःच्या तंबाखूचं फडकं एक वेळ राहिलं तर राहायचं. डब्याच्या तंबाखूचं कधी राहिलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हवा जरा मऊ व्हायची, तेव्हा तिला उसंत असे. थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ती परात चुलीपासून लांब, न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवायची, कारण ती भिंत कायम थंड असायची. त्या दिवसांत न्हाणीत गेलं की साबण, ओली वीट आणि गोड तंबाखू असा वास यायचा. मी अंगावर पाणी घ्यायचं विसरून तिथं बसून राहायचे. बाहेरून अम्मा दार वाजवायची. जगातली सगळ्यात चांगली जागा ती न्हाणी होती, असं मला अजून वाटतं.

आता पुढचं सांगते, ज्यासाठी मला राग येतो.

संध्याकाळी कारखानदार यायचे, कधी पुण्या-मुंबईचे व्यापारी यायचे. नायना पाईप भरायचे. वास घरभर पसरायचा, पाहुणे वाहवा करायचे, आणि डब्यावर टिचकी पडायची. त्या वेळी अम्मानं बाहेर यायचं नाही, असा नियम होता. चहा मी न्यायची. कारण अम्माच्या अंगाला विडीचा वास येतो. नायना हे ओरडून सांगत नसत. ते कधीच ओरडत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं आणखी खोल रुतायचं. जेवायला बसताना ते तिला नुसतं म्हणत, ‘जरा लांब बस.’ ती ताट उचलून दारापाशी सरकायची. रोज. आम्हा पोरांना ते इतकं सवयीचं झालं होतं की अम्माची जागाच दारापाशी आहे असं आम्ही समजत होतो. ज्या बोटांनी त्यांची तंबाखू उलगडली, त्या बोटांचा वास त्यांना जेवताना नको असायचा.

मी दहा वर्षांची असताना अम्मा माहेरी वळसंगकडे एका बारशाला गेली. एका रात्रीचाच प्रश्न होता. जाताना सांगून गेली की विडीची तंबाखू परातीत काढली आहे, दोनदा फडकं बदल, बाकी काही करू नको. पहिल्यांदा मी बदललं. दुसऱ्यांदा मला कंटाळा आला. समोरच्या घरातले आजोबा मागावर बसले की कोरडं सूत तुटू नये म्हणून तोंडात पाणी घेऊन त्यावर फुर्र करून फवारा मारत. बारीक, धुक्यासारखा फवारा. सूत लगेच मऊ व्हायचं. विणकरांच्या गल्लीतल्या पोरीला ओल करायची ही पद्धत माहीत असणारच. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि तोंड भरभरून अख्ख्या परातीवर फवारे मारले. तंबाखू किती छान मऊ झाली म्हणून खूश झाले, पोत्यात भरली, तोंड बांधलं.

अम्मा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तिनं पोतं उघडलं तेव्हा आतून वाफ आली. तंबाखू तापली होती, गोळे झाले होते, आणि एक कुबट वास सुटला होता, शिळ्या भाकरीचा. तिनं ती गच्चीवर वाळत घातली, हातानं फोडली, चांगल्यात मिसळून विड्या वळल्या. कारखान्यात विड्या तपासणाऱ्यानं पहिलीच मोडून हुंगली आणि सगळ्या बाजूला सारल्या. वर तिला आठ दिवस पानं-तंबाखू दिली नाही. तिथं तिनं माझं नाव घेतलं नाही. आपलंच चुकलं म्हणाली.

घरी आल्यावर तिनं नायनांना सांगितलं. ते टेबलाशी मोराच्या पिसाऱ्याला निळा रंग भरत होते. त्यांनी पेन्सिल न थांबवता विचारलं, ‘माझ्या डब्याला तर पाणी लागलं न्हाय की?’

एवढंच. अम्मा न्हाय म्हणाली आणि आत गेली. मी दाराशी उभी होते. मार बसेल म्हणून घाबरले होते. मार बसला नाही. त्याऐवजी तो प्रश्न बसला, आणि तो सत्तेचाळीस वर्षं तिथंच आहे.

अम्मा गेली तेव्हा पन्नाशीलाही पोचली नव्हती. शेवटची दोन वर्षं ती वाक्य पूर्ण करायच्या आधी थांबायची, श्वास गोळा करायची, मग उरलेलं बोलायची. आयुष्यात तिनं ना विडी ओढली, ना तोंडात चिमूट टाकली. अंथरुणात बसूनही परात मात्र मागून घ्यायची. हात सूप शोधायचे. अखेरच्या महिन्यात तिनं मला फडकं पिळायला लावलं आणि माझ्या मनगटाला धरून दाखवलं, इथपर्यंत, अजून, अजून. तेव्हा मला वाटलं की आई मुलीला काहीतरी शिकवते आहे. आता वाटतं, तिला फक्त डब्याची काळजी होती. आणि या दोन गोष्टींपैकी खरी कुठली हे मला कळत नाही, याचाही राग नायनांवरच आहे.

ती गेली आणि नायनांनी पाईप सोडला. दिवसकार्याला आलेल्या माणसांनी याची केवढी गोष्ट केली. बायको गेली त्या दिवसापासून मास्तरांनी पाईपला हात लावला नाही, असं प्रेम आताच्या पोरांना जमणार नाही, असं म्हातारे डोळे पुसत सांगायचे. पुढं लग्नाकार्यांत, बारशांत हीच गोष्ट ऐकली. नायना ती ऐकून खाली बघत. ते खाली बघणंही लोकांना फार आवडे. मी मात्र मनात म्हणत असे की अहो, सोडला कसला, भिजवून देणारी गेली म्हणून सुटला. उन्हाळा लागला, डबा कोरडा पडला, जीभ पोळली असणार. सुनेला सांगायची लाज वाटली असणार. यात प्रेम कुठं आलं? पण मी हे कुणाला बोलले नाही. मी बोलायला हवं होतं. दर वेळी कुणीतरी जिलेबी वाढत असायचं आणि मी गप्प बसायचे.

परवा घरात शिरले तर नायना त्याच खिडकीपाशी खुर्चीत होते. टेबल आता नाही. डबा मांडीवर होता, दोन्ही हात झाकणावर.

‘आलीस व्हय,’ ते म्हणाले. ‘हे बघ, पार भुगा झालाय. तुला येतंय की. कर.’

कर. तीस वर्षांनीही तोच सूर. मी पाणी पण प्यायले नव्हते. अंबिकानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि न सांगता पितळी परात आणून ठेवली. मी डबा उघडला. वास नव्हताच. जुन्या वहीला असतो तसा काहीतरी होता, कागदाचा. तंबाखू बोटात धरली तर तिची पूड झाली. तळाशी थोड्या लांब दोऱ्या शिल्लक होत्या, त्या जपून काढल्या. मागाच्या काठ्या आता कुठल्या, अंबिकानं झाडूच्या दोन लांब काड्या धुऊन दिल्या. फडकं बुडवलं, पिळलं. अजून. अजून. राग होता, पण हात पिळताना चुकत नव्हते. याचंही मला वाईट वाटलं.

नायना वाकून बघत होते. मी फडकं ताणून टाकलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ती बी असंच करायची का?’

मी आधी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर काहीतरी भलतंच तोंडातून गेलं असतं. बावीस वर्षं. इथं टेबल, इथून चार हातांवर ती परात. त्यांनी एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. चादरीतल्या मोराच्या पायाला किती चौकटी लागतात हे ज्या माणसाला पाठ होतं, त्याला आपल्या बायकोचे हात काय करतात हे माहीत नव्हतं.

‘असंच करायची,’ मी म्हणाले. ‘तासातासाला.’

मग दिवसभर मी ते केलं. तासाला फडकं, मध्ये एकदा बोटांनी वरखाली. अंबिकानं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी केली होती, नायना तीन दिवसांनी पोटभर जेवले. जेवण झाल्यावर ते झोपायला गेले नाहीत, परातीकडे तोंड करून बसून राहिले. दुपारी तीनच्या सुमाराला वास आला. आधी अगदी पुसट, मग एकाएकी सगळा. गूळ, मनुका, ओली वीट, न्हाणी. मी स्वयंपाकघरात होते, तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. मला वाटलं होतं की हा वास पाईपचा आहे. तसं नव्हतं. हा अम्माचा वास होता, दुपारच्या वेळचा, पदर खोचलेला, हात पुसायला वेळ नसलेल्या अम्माचा.

चार वाजता चिमूट दाबून सोडली. हळूहळू उलगडली. मी परात नायनांच्या पुढ्यात सरकवली आणि अंबिकाला काडीपेटी आणायला सांगितलं. एकदाचं ओढा आणि संपवा, असं माझ्या मनात होतं.

‘पाईप कुठं ठेवलाय?’ मी विचारलं.

‘पाईप कुटला. तो कवाच हरवला.’

‘मग हे कशाला करायला लावलंत?’

त्यांनी चिमूटभर तंबाखू घेतली आणि नाकाशी धरली. त्यांचे हात आता वाळलेल्या शेंगांसारखे झाले आहेत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हाच वास यायचा तिला. अन् मी तिला जेवताना लांब बस म्हणायचो.’

हे वाक्य माझं होतं. मी ते तीस वर्षं तयार ठेवलं होतं, कधीतरी त्यांच्या तोंडावर मारायला, शब्द न् शब्द घासूनपुसून. आणि ते त्यांनीच उच्चारून टाकलं, सरळ, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मला हायसं वाटलं नाही. उलट डोक्यात अशी तिडीक गेली की परात उलटी करावीशी वाटली. हेही यांनीच घ्यावं?

‘मला काय सांगता?’ मी म्हणाले. ‘तिला सांगायचं होतं.’

‘आता दुसरं कोन हाय सांगायला?’

आमच्या घरात एक दंडक होता. पोरांनी नायनांशी मराठीतच बोलायचं. त्यांना ते बरं वाटायचं, पाहुण्यांपुढं शोभायचं. तेलुगू अम्मासाठी होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा नायनांशी तेलुगूत बोलले. ठरवून नाही. मराठीत ते येईना. सगळं सांगितलं. दारापाशी सरकवलेलं ताट सांगितलं. कारखान्यात तिनं माझं नाव घेतलं नाही ते सांगितलं, आणि त्यांनी पेन्सिल न थांबवता डब्याचं काय विचारलं ते सांगितलं. दिवसकार्यातले डोळे पुसणारे म्हातारे सांगितले. झाकणावरची टिचकी सांगितली, आणि ती परातीवर मारायला हवी होती हेही. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही बाहेर आलं. आठवीत वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला विडीचा वास येतो म्हणाल्या, त्या दिवसापासून मीही अम्माच्या कुशीत झोपायचं सोडलं. उकडतं म्हणून सांगितलं. तिला कळलं असणार. ती फक्त रोज संध्याकाळी हात शिकेकाईनं धुवायला लागली, कोपरापर्यंत.

अंबिका दारात उभी होती, ती केव्हातरी हळूच आत निघून गेली. बोलता बोलता माझा घसा बसला. बाहेर कुठल्यातरी घरात एक माग चालू होता, तोही थांबला. माझं बोलून संपलं तेव्हा परातीतल्या तंबाखूचा वरचा थर पुन्हा कोरडा पडला होता, कारण मी फडकं काढून ठेवलं होतं आणि झाकायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

‘पाणी,’ नायना म्हणाले.

मला वाटलं प्यायला हवंय. मी तांब्या भरून आणला आणि मनात म्हणाले, एवढं ऐकून घेतल्यावरही पाणी मीच द्यायचं. त्यांनी तांब्या मांडीत घेतला. जमिनीवर पडलेलं फडकं वाकून उचलायला त्यांना बराच वेळ लागला. ते त्यांनी तांब्यात बुडवलं आणि दोन्ही हातांनी पिळायला लागले. शहाऐंशी वर्षांच्या मुठीत जोर नव्हता. त्यांनी पुन्हा पिळलं, पुन्हा, दात आवळून. फडक्याचं एक टोक धोतराला लागून धोतर भिजलं. पाणी अजून गळत होतं. मला नुसतं बघून कळत होतं की असं टाकलं तर तंबाखूचा गोळा होईल, उद्या सगळी बिघडेल, वास जाईल, आणि पुन्हा आणायला ती कुठंच मिळणार नाही.

माझे हात पुढं झाले होते. मी ते मागं घेतले, आणि नायना पिळत राहिले.